अथेन्सची उपनगरं आणि तीन फूट माती

"यात खांब कुठायत?" मिस्टर ब्रँटने विचारलं.

माझा अठ्ठेचाळीस पानांचा रिपोर्ट त्याने शेवटच्या पानापासून पुढे असा चाळला होता. मधे दोनदा थांबला, दोन्ही वेळा चित्रांवर. मी म्हणाले, "खांब फारसे नाहीतच. अथेन्सच्या श्रीमंत उपनगरांत घरं स्विस, इटालियन, इंग्लिश अशी ज्याला जी आवडली त्या धर्तीची आहेत. खांबवालीही आहेत, पण थोडी."

"ग्रीसमध्ये खांब नाहीत!" तो माझ्या बॉसकडे वळला. "डेनिस, ही नक्की कुठे जाऊन आली?"

"लायब्ररीत," डेनिस म्हणाला. दोघंही हसले.

ग्रीसला ते दोघं जाऊन आले होते, बायकांसकट, नऊ दिवस. येताना फिल्मचे सात रोल आणले. त्यातले पाच हॉटेलच्या स्विमिंग पूलचे निघाले. अथेन्सच्या ज्या किफिसिया नावाच्या उपनगरासाठी एवढा प्रवास झाला, तिथे ते एक दुपार होते आणि त्या दुपारी त्यांनी आइस्क्रीम खाल्लं.

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. मी शिकागोबाहेर शॉमबर्गजवळ एका लहान फर्ममध्ये लँड प्लॅनर होते. मोकळ्या जमिनीवर वस्ती करायची तर रस्ते कुठून न्यायचे, प्लॉट कसे पाडायचे, पावसाचं पाणी कुठे जाईल, कुठली झाडं राहतील, हे कागदावर ठरवणारा माणूस म्हणजे लँड प्लॅनर. मी मूळची बार्शीची. वडील मार्केट यार्डात मापाडी, म्हणजे धान्याचं वजन करणारे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. इलिनॉयमध्ये मास्टर्स केलं आणि नोकरीसाठी पस्तीस पत्रं टाकली. उत्तर एकट्या डेनिसचं आलं. त्याने नोकरी दिली, पुढे ग्रीन कार्डासाठी माझा अर्जही फर्मतर्फे भरला. त्याबद्दल मी त्याची ऋणी होते. तो मला मंदाकिनीऐवजी मँडी म्हणे. तेही मी चालवून घेतलं.

ब्रँट बिल्डर होता. त्याने एक जुनं शेत विकत घेतलं होतं. शेताच्या एका बाजूला ओकची राई होती, शंभर-दीडशे वर्षांची झाडं. तिथे त्याला 'मिडवेस्टचं किफिसिया' उभारायचं होतं. हे शेत ज्या व्हिलेजमध्ये येत होतं त्याची परवानगी लागणार होती. तिकडे व्हिलेज म्हणजे खेडं नव्हे. आपल्या नगरपालिकेसारखी ती चांगली ऐटबाज संस्था असते. व्हिलेजचा नियम असा होता, की नेहमीपेक्षा लहान प्लॉट पाडायचे असतील तर वस्तीला काही खास 'कॅरेक्टर' आहे हे अभ्यास करून दाखवा. म्हणून हा अभ्यास. ब्रँटला कॅरेक्टर नको होतं, लहान प्लॉट हवे होते. पण रिपोर्ट लागत होता आणि तो लिहायला मी होते.

मला सहा आठवडे मिळाले. आमच्या शाळेत निबंध दिला की आम्ही निबंध लिहीत असू. त्याच श्रद्धेने मी कामाला लागले.

जे सापडलं ते थोडक्यात असं. किफिसिया अथेन्सच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे झरे आहेत. त्यातल्या एका भागाचं नावच केफालारी, म्हणजे पाण्याचं उगमस्थान. पाणी म्हणून प्लेनची, म्हणजे आपल्या चिनाराची, प्रचंड झाडं, झाडं म्हणून सावली आणि सावली म्हणून श्रीमंत माणसं. रोमन काळापासून हाच क्रम. पुढे वाफेची गाडी आली आणि अथेन्सची बडी कुटुंबं उन्हाळ्यात ट्रंका, गाद्या आणि स्वयंपाकिणी घेऊन तिथे मुक्कामाला जाऊ लागली. सिखिको हे उपनगर नंतरचं, आखून वसवलेलं. त्याचे रस्ते असे गोलगोल, की अथेन्सचे टॅक्सीवालेसुद्धा आत शिरायला नाखूश. फिलोथेई तर एका बँकेच्या नोकरांनी सोसायटी करून उभं केलं. आज तिथे राहणाऱ्यांना ही आठवण काढलेली किती रुचेल, मला शंका आहे. एकालीत पाइनची झाडं आणि भरपूर शांतता. आणि युद्धानंतर काय झालं? बंगल्याच्या मालकाने जमीन द्यायची, बिल्डरने इमारत बांधून त्यातले काही फ्लॅट मालकाला द्यायचे. किफिसियाचे कितीतरी व्हिला असेच गेले. हा प्रकार पुढे पुण्यात पाहिला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला.

हे सगळं पुस्तकातलं होतं. तिथे राहिलेलं माणूस मला भेटलं ते शिकागोच्या ग्रीक वस्तीतल्या एका बेकरीत. किरिया वासो. किरिया म्हणजे बाई. साठीची, दंड कमावलेले, काउंटरमागे उंच स्टुलावर बसलेली. मी विचारलं, किफिसिया माहीत आहे का?

"माहीत?" ती म्हणाली. "अकरा वर्षं मी तिथली फरशी पुसलीय. मला तिची एकेक भेग माहीत आहे."

बाराव्या वर्षी तिला बेटावरच्या गावातून एका व्हिलात आणलं होतं. तशी पद्धतच होती. गरिबाची मुलगी घरात ठेवायची, 'आमच्या मुलीसारखीच' म्हणायचं, पगार द्यायचा नाही आणि लग्नात हुंडा देऊ असं सांगायचं.

"मग दिला हुंडा?"

"दिला ना. शिलाई मशीन दिलं. सुई नव्हती त्याला."

मी वहीत लिहून घेत होते. तिला त्याची गंमत वाटली. "लिही, कोरी मू, लिही. कोणी तरी लिहायलाच हवं." कोरी मू म्हणजे माझ्या पोरी. मी तिथे चार शनिवार गेले. तिने मला किफिसिया स्वयंपाकघराच्या दारातून दाखवलं. बागांना पाणी पाळीने मिळे, आणि पाळीवरून मोठमोठ्या घरच्या बायका भिंतीवरून भांडत. रस्त्यात प्लेनचं झाड आलं तर रस्ता वळे. कुंपणात आलं तर भिंतीला खाच ठेवत.

शेजारच्या व्हिलात नवी मालकीण आली. तिला बागेत नाचायला उंच ओटा हवा होता. तिने जुन्या प्लेनभोवती कमरेइतकी माती भरून घ्यायचं ठरवलं. म्हातारा माळी म्हणाला, झाडाच्या मुळांवर माती टाकलीत तर ते गुदमरेल. ती म्हणाली, टाक. त्याने काम सोडलं. दुसऱ्याने टाकली.

"मग?"

"पहिली दोन वर्षं झाड छान होतं. बाई माळ्याला हसायची. तिसऱ्या उन्हाळ्यात शेंडा वाळला. पाचव्या वर्षी एक फांदी आली खाली, सरळ ग्रामोफोनवर." वासोने हात झटकले. "कोणी मेलं नाही. तेवढंच वाईट झालं."

मी विद्यापीठातल्या झाडांच्या एका प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, माळ्याचं बरोबर आहे. मोठ्या झाडाची अन्नपाणी घेणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात आणि त्यांना हवा लागते. ओकचंही तेच. हे सगळं मी एकतिसाव्या पानावर लिहिलं. खाली शिफारस केली: किफिसियाकडून काही घ्यायचंच असेल तर हे घ्यावं. फांद्यांची सावली पडते तिथवर जमिनीची पातळी बदलू नये.

हेच पान ब्रँटने न थांबता उलटलं. त्यावर चित्र नव्हतं.

त्या मीटिंगनंतर चार दिवसांनी ग्रेडिंग प्लॅन माझ्या टेबलावर आला. कुठे माती खोदायची आणि कुठे भरायची, हे दाखवणारा हा नकाशा. पावसाच्या पाण्यासाठी एक तळं खोदायचं होतं. त्याची माती बाहेर न्यायची तर ट्रक लागतात. आतच पसरली तर फुकट. त्यात ब्रँटला सपाट इलिनॉयमध्ये टेकडी हवी होती, अक्रोपोलिससारखी. त्यामुळे सगळी माती ओकच्या राईत जाणार होती. तीन फूट. त्याच नकाशावर ओकची सत्तावन्न झाडं हिरव्या गोलांनी दाखवली होती. खाली लिहिलं होतं: 'सर्व जुने वृक्ष जपले जातील.'

मी नकाशा घेऊन डेनिसकडे गेले. "ही झाडं मरतील."

"केव्हा?"

"तीन ते पाच वर्षांत."

"व्हिलेज झाडांची गॅरंटी किती वर्षांची मागतं?"

"दोन."

"मग झालं तर." त्याने पेन्सिलीचं टोक पाहिलं. "झाडं मरतात, मँडी. निसर्ग आहे."

मी उभीच राहिले. मग त्याने अगदी मायेने विचारलं, "तुझे पेपर कुठवर आले?"

पेपर म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज. फर्मने मला काढलं तर तो अर्ज रद्द होणार आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागणार होतं. हे त्याला माहीत होतं. मला माहीत आहे, हेही त्याला माहीत होतं.

रविवारी मी डॉक्टरकाकांकडे जेवायला गेले. काका नागपूरचे, हृदयाचे डॉक्टर, महाराष्ट्र मंडळातलं मोठं प्रस्थ. मी नवी असताना सुमनकाकूंनी मला दोन महिने घरी ठेवून घेतलं होतं. काकांनी ब्रँटच्या वस्तीत नऊ नंबरचा प्लॉट बुक केला होता. ब्रोशर जेवणाच्या टेबलावरच, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलं होतं.

मी त्यांना मातीचं सांगितलं. वाटलं, त्यांचा प्लॉट आहे, त्यांना कळलं पाहिजे.

"अगं, पण टेकडी राहणार ना?" काका म्हणाले.

"टेकडी राहील, काका. झाडं जातील."

"तीन वर्षांनी ना? मग ठीक आहे. पाला तरी कमी पडेल, यार."

"आणि आम्ही समोर चार खांब घेतोय," काकू म्हणाल्या. "ब्रोशरमध्ये दोन आहेत, पण मी म्हटलं चार घ्या. सारखंसारखं घर थोडंच होतं!"

"काका, ते झाडं जपू म्हणून लिहून देतायत आणि मारतायत. खोटं आहे ते."

काकांनी वाटी खाली ठेवली. "हे बघ मंदा, तू गुणी मुलगी आहेस. कुठल्या घरातून आलीस, कुठे पोहोचलीस. आधी कार्ड हातात पडू दे, मग कर काय क्रांती करायची ती. आणि आमचा प्लॉट मधे आणू नकोस."

ज्या माणसाला स्वतःच्या अंगणातलं झाड मरणार हे सांगितल्यावर आधी पाल्याचा विचार सुचतो, त्याच्या घरची कढी मी त्या दिवशी दोनदा मागून घेतली. ती चांगली होती. पण पुढच्या रविवारी मी गेले नाही.

डेनिसने माझ्या अठ्ठेचाळीस पानांची सहा पानं केली. त्यांत वासो नव्हती, झरे नव्हते, बँकेचे नोकर नव्हते. एकतिसावं पान तर नव्हतंच. आता खांब होते. एक फोटो मी ओळखला. ती इमारत ग्रीसमधली नव्हती, अमेरिकेतलंच कुठलं तरी कोर्ट होतं. पायऱ्यांवर पोलिसांची गाडीही दिसत होती. डेनिस म्हणाला, गाडी कापून टाका. ती कापली.

मग त्याने मला सांगितलं, "अभ्यासाच्या बारा प्रती व्हिलेजच्या क्लार्ककडे देऊन ये."

व्हिलेजच्या परवानगीच्या अर्जासोबत एक छापील फॉर्म होता. चौथ्या कलमात लिहिलं होतं की आधाराला घेतलेले सर्व अभ्यास संपूर्ण जोडावेत. हे कलम कोणी पाळत नसे. क्लार्कसुद्धा पाहत नसे. मी ते दोनदा वाचलं. डेनिसला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. मी सहा पानांच्या बारा प्रती काढल्या आणि अठ्ठेचाळीस पानांच्याही बारा. स्पायरल बाइंडिंग केलं आणि स्वतः गाडी चालवत नेऊन दिल्या. मी काय करतेय हे मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही.

सुनावणी संध्याकाळी सातला होती, फायर स्टेशनच्या वरच्या हॉलमध्ये. प्लॅन कमिशन म्हणजे गावातलीच सात माणसं. विमा एजंट, दातांचा डॉक्टर, अशी. अध्यक्ष मिसेस लुंड, सत्तरीच्या. नवऱ्याबरोबर जन्मभर गाई सांभाळलेली बाई. पुढच्या रांगेत काका-काकू बसले होते. काकू कांजीवरम नेसून आल्या होत्या.

डेनिस छान बोलला. "ग्रीसने जगाला लोकशाही दिली. आता ग्रीस या व्हिलेजला एक अॅड्रेस देतंय." दातांच्या डॉक्टरने टाळी वाजवली. ब्रँटने खिशातून किफिसियाहून आणलेला दगड काढून टेबलावर ठेवला. तो हॉटेलच्या आवारातला होता. मी फोटोत पाहिला होता.

मग मिसेस लुंडने आपली प्रत पुढे ओढली. अठ्ठेचाळीस पानांची. तिच्यात खुणेला पाकिटाचे फाडलेले तुकडे घातले होते.

"पान एकतीस," ती म्हणाली. "हे कोणी लिहिलंय?"

डेनिसने माझ्याकडे पाहिलं. ती प्रत तिथे कशी आली हे समजायला त्याला दोन सेकंद लागले. "आमच्या टीमने," तो म्हणाला.

"वर एकच नाव आहे. मला ते उच्चारता येत नाही. ती व्यक्ती आहे का इथे?"

मी उभी राहिले.

"इथे लिहिलंय, मुळांवर माती घालू नका. तुमच्या नकाशात त्याच झाडांवर तीन फूट माती आहे. मला नकाशे वाचता येत नाहीत असं माझा मुलगा म्हणतो, म्हणून विचारते. मी बरोबर वाचलंय का?"

"मॅडम, इंजिनियरिंगचे तपशील नंतर..." डेनिस म्हणाला.

"मी तिला विचारलं."

पुढच्या रांगेतून काका माझ्याकडे बघून अगदी हळूच मान हलवत होते. नाही, नाही. हॉलमध्ये कॉफीच्या मशीनचा आवाज येत होता. मला ग्रीन कार्डाची फाइल दिसत होती, डेनिसच्या कपाटातली, खालच्या खणातली.

"तुम्ही बरोबर वाचलंय," मी म्हणाले.

"मग ही झाडं जगतील?"

"नाही. तीन ते पाच वर्षांत मरतील."

"सगळी?"

"ज्यांच्यावर माती पडेल ती सगळी. सत्तावन्न."

मिसेस लुंडने नकाशावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती मोठ्याने वाचली. 'सर्व जुने वृक्ष जपले जातील.' मग चष्मा काढला. "मिस्टर ब्रँट, आमच्याकडे गाय आजारी असली तर आम्ही विकताना सांगायचो."

त्या दिवशी परवानगी मिळाली नाही. पुढच्या महिन्यात मिळाली, ती अटींवर. झाडांच्या सावलीत माती भरायची नाही. गॅरंटी दोनऐवजी सहा वर्षांची. ब्रँटला पाच प्लॉट कमी करावे लागले आणि तळ्याची माती ट्रकने बाहेर न्यावी लागली.

त्या संध्याकाळी सुनावणी संपल्यावर पार्किंगमध्ये डेनिस ओरडला नाही. "तू मला विचारायला हवं होतंस," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "तू आलीस तेव्हा तुझ्याकडे थंडीचा कोटसुद्धा नव्हता."

हे खरं होतं. पहिल्या हिवाळ्यात त्याने बायकोचा जुना कोट आणून दिला होता आणि मी तो तीन वर्षं वापरला. दोन आठवड्यांनी त्याने मला काढलं. कारण 'कामाचा अभाव' असं लिहिलं. त्याच आठवड्यात फर्मला दोन नवीन कामं आली होती. शेवटच्या दिवशी मी कोट ड्रायक्लीन करून त्याच्या खुंटीला अडकवला आणि थँक यू म्हणाले. मनापासून म्हणाले. नोकरी त्यानेच दिली होती. पण नोकरीच्या बदल्यात त्याने सत्तावन्न ओक मागितले होते, आणि ते माझे नव्हते.

ग्रीन कार्डाचा अर्ज रद्द झाला. दुसऱ्या एका व्हिलेजच्या प्लॅनिंग ऑफिसात काम मिळालं, कमी पगाराचं. तिथून अर्ज पुन्हा पहिल्यापासून. चार वर्षं जास्त गेली. त्या काळात देश सोडला तर अडकण्याची भीती होती, म्हणून धाकट्या बहिणीच्या लग्नाला जाता आलं नाही. तिने ते मला अजून ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

ओक जगले. अर्थात ब्रँटने नवीन ब्रोशर छापलं: 'किफिसियाप्रमाणे आम्हीही झाडांना वळसा घालतो. ही कल्पना मला तिथे फिरताना सुचली.' आइस्क्रीम खाताना सुचली असेल. डॉक्टरकाकांना सगळ्यात मोठ्या ओकखालचा प्लॉट मिळाला. मंडळाच्या एका कार्यक्रमात ते पाहुण्यांना सांगताना मी ऐकलं, "हे झाड जाणारच होतं. आम्ही मीटिंगला गेलो, उभे राहिलो, वाचवलं." काकूंनी मान डोलावली. मी शेजारीच उभी होते. काका मला म्हणाले, "मंदा, आठवतंय ना?" मी म्हटलं, "हो काका, आठवतंय."

नव्या नोकरीत माझं काम बिल्डरांचे रिपोर्ट वाचण्याचं होतं. वीस वर्षं मी ते केलं. बहुतेक सगळे सहा पानांचे असत. मी फोन करून आमच्याही फॉर्मवर असलेलं ते कलम वाचून दाखवी आणि उरलेली पानं मागवून घेई. समोरचे माझ्यावर वैतागत. आता निवृत्त झाल्यावर नवीन मुलं सल्ला विचारतात, तेव्हा मी एवढंच सांगते: ज्या कागदावर तुमचं नाव आहे, तो तुम्हीच नेऊन द्या. दुसऱ्याच्या हाती दिला की वाटेत पानं कमी होतात.